बोळवणीचं अर्धं गाणं

"परीक्षा नं काय, पुढला सालले दखू," जीवराम आबा म्हणाले आणि पानातल्या बट्टीवर तूप वाढून घेतलं. "घरमा काय कमी शे तिले? बठ्ठं शे."

धुळ्यातल्या लग्नाच्या मांडवात खांबाला टेकून तोताराम नाना क्लॅरनेटची रीड, फुंकायच्या टोकाशी लावतात ती वेताची पट्टी, जिभेवर भिजवत बसले होते. तोंडात रीड असली की माणसाला बोलावं लागत नाही. ही सोय नानांना आयुष्यभर फार उपयोगी पडली होती. पण कान मोकळे असतात. आबा हे नवऱ्या मुलाचे वडील, त्यांच्या शेजारच्या पानावर नानांचा जावई प्रेमराज, आणि वरणाची बादली घेऊन दोघांसमोर वाकलेली नानांची मुलगी रत्ना. त्या क्षणी रत्नाच्या हातातला डाव बादलीच्या काठावर थांबला.

"हो ना," प्रेमराज म्हणाला, "बघू पुढच्या वर्षी."

प्रेमराज वाईट माणूस नव्हता. धुळ्याच्या एका सरकारी कचेरीत त्याने तीस वर्षं मान खाली घालून काढली होती आणि घरात कधी आवाज चढवला नव्हता. त्याने रत्नाला कुठल्या गोष्टीला कधी 'नाही' म्हटलं नाही. तो नेहमी 'पुढच्या वर्षी' म्हणायचा.

ज्या परीक्षेबद्दल बोलणं चाललं होतं ती रूपाची. रूपा म्हणजे रत्नाची मुलगी, नानांची नात. साडेबाराच्या मुहूर्तावर तिच्या डोक्यावर अक्षता पडल्या होत्या आणि पाच वाजता तिची बोळवण होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचा तिचा पहिला पेपर एकोणीस दिवसांवर आला होता. सुपारी फुटली त्या दिवशी पाच माणसांत ठरलं होतं की लग्न उन्हाळ्यात उरकू, पण मुलगी पेपर देईल. आबांनीही मान डोलावली होती. आता अक्षता पडल्या, पंगत बसली, आणि दोन बट्ट्या पोटात गेल्यावर पेपर पुढच्या सालावर गेला.

रत्नाने वर पाहिलं. नवऱ्याकडे नाही, व्याह्यांकडेही नाही. तिने खांबाजवळ बसलेल्या बापाकडे पाहिलं आणि मग बादली उचलून पुढच्या पानाकडे गेली.

नानांच्या तोंडातली रीड एकदम कडू लागायला लागली.

भुसावळच्या आसपास नानांना कोणी तोताराम म्हणत नाही. क्लॅरनेटवाले नाना म्हणतात. लग्नसराईत बँड आणि उरलेलं वर्ष केळीच्या गाड्या भरणं, असं त्यांचं आयुष्य गेलं. हल्ली नाचायला बेंजो पार्टी नाहीतर डीजे लागतो. म्हाताऱ्यांचा बँड कोणाला हवा असतो? पण बोळवणीला अजून नानांना निरोप येतो. कारण बोळवणीची धून त्यांची.

ती धून दोन जिल्ह्यांत सगळ्यांना पाठ आहे. नवरी गाडीत बसते, पुढच्या चाकाखाली नारळ ठेवतात आणि क्लॅरनेट सुरू होतं. धून हळूहळू चढते, एका उंच सुरावर थोडी रेंगाळते आणि पायऱ्या उतरावं तशी खाली येऊन थांबते. ती थांबली की गाडी हलते, नारळ फुटतो. धून संपायच्या आत गाडी हलवली तर नवरीच्या पाठी माहेरचा तळतळाट लागतो, असं कोणीतरी कधीतरी म्हणालं आणि पन्नास वर्षांत त्याची रीत झाली. एवढी, की गाडीचे ड्रायव्हर किल्लीवरचा हात काढून बसतात. दुसऱ्या बँडवाल्यांनीही ती धून उचलली. ती कुठून आली हे कोणी विचारलं नाही. नानांनी सांगितलं नाही.

वाजवताना नाना डोळे मिटायचे आणि मग ते मांडवात नसायचे. "नाना गावाले गेले," असं ढोलवाला हिलाल म्हणायचा. त्या गावाचा पत्ता फक्त दोन माणसांना माहीत होता. एक नाना. दुसरी त्यांची बायको सुगंधाबाई, ती चार वर्षांपूर्वी गेली.

ते गाव म्हणजे भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला एक व्हरांडा.

तेव्हा तोताराम सोळा वर्षांचा होता. त्याचे मामा रुपचंद हे बँडमास्तर. क्लॅरनेटच्या दोन चाव्या हवा सोडायला लागल्या म्हणून मामांनी त्याला डेन्झिल साहेबांकडे पाठवलं होतं. साहेब म्हणजे काही मोठा अंमलदार नव्हे, इंजिनावर कोळसा टाकणारा फायरमन. पण गोरा रंग, घरात पियानो आणि रविवारी चर्च, म्हणून सगळी कॉलनी त्यांना साहेब म्हणायची. वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एरवी ते महिना महिना वाद्य ठेवून घेत. पण ते साल चौऱ्याहत्तर होतं, मे महिना होता आणि रेल्वेचा संप चालू होता. साहेब घरीच होते.

यार्ड इतकं गप्प होतं की कॉलनीतल्या लोकांना झोप येईना. जन्मभर शंटिंगच्या धडधडीत झोपलेली माणसं. शांतता त्यांना टोचायला लागली. दुपारी कडुनिंबाखाली ऊन थरथरायचं, रुळांवरून वाफ निघाल्यासारखी दिसायची, आणि साहेब व्हरांड्यात ओला टॉवेल डोक्यावर घेऊन रेकॉर्ड लावायचे. एकच रेकॉर्ड. समुद्रापलीकडच्या चार लांब केसांच्या पोरांचं गाणं होतं ते. तिकडे कुठलीशी लढाई चालू होती, पोरांना घराघरांतून उचलून पाठवत होते, आणि ही चौघं गिटारी घेऊन त्याच्याविरुद्ध गात होती. त्या दुपारी, त्या पांढऱ्या उन्हात, तोतारामला ते सूर इतके आपले वाटले की चाव्या दुरुस्त झाल्या तरी तो जाईना. पाच दिवस तो पायरीवर बसून राहिला. ऐकून ऐकून धून त्याच्या बोटांत उतरली.

"क्या गाना है ये, साब?" त्याने विचारलं.

"दो हिस्से का गाना है," साहेब म्हणाले. "पहले में कागज लेके लोग आए हैं, लड़के को ले जाने. माँ उसकी गठरी बाँधती है, बाल बनाती है, रोती है. बस. सब माँएँ यही करती हैं."

"और दूसरे में?"

"दूसरे में माँ उठके दरवाजे में खड़ी हो जाती है. बोलती है, ये नहीं. आज नहीं. तुम्हारी किताब में लिख लो, एक माँ ने ना बोला." साहेबांनी टॉवेल पुन्हा बादलीत बुडवला. "पहला हिस्सा तो कोई भी बजा लेगा, बेटा. गाना दूसरा है."

तिथे गिटारी कडाडायच्या आणि गाणं चालायला लागायचं. मोठ्याने नाही, भराभरही नाही. एखादं माणूस ठरवून पाऊल टाकतं तसं.

पाचव्या दिवशी खरोखरच कागद घेऊन माणसं आली. कामावर हजर व्हा, नाहीतर घर खाली करा. साहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मग आत जाऊन रेकॉर्डची सुई उचलली, बरोबर दुसऱ्या भागावर ठेवली आणि स्वतः दाराच्या चौकटीत येऊन उभे राहिले.  माणसांनी कागद खुर्चीवर ठेवला आणि ती निघून गेली. तोतारामने पायरीवरून हे पाहिलं. पुढे आयुष्यात त्याने फार काही पाहिलं नाही, पण हे पाहिलं.

संप मोडला. साल पालटलं आणि साहेब बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेले. तोतारामने मामांना धून वाजवून दाखवली.

"कशाची आहे?" मामांनी विचारलं.

आणि इथे तोतारामने आयुष्यातली मोठी चूक केली. खरं सांगितलं तर मामा घेणार नाहीत, या भीतीने तो म्हणाला, "निरोपाची."

मामा खूश झाले. बोळवणीला अशीच काहीतरी हवी होती. पण दुसरा भाग सुरू झाला तसा त्यांनी हात वर केला. "हे भांडणाचं काय मधीच? लग्नात भांडण चालत नाही रे. इथंच थांबव." तोताराम थांबला. तो जो थांबला तो पन्नास वर्षं. 'नाही' म्हणायचं गाणं दोन जिल्ह्यांत 'जा' म्हणायला वापरलं गेलं आणि ज्याला ठाऊक होतं तो रीड तोंडात धरून बसला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

दुसरा भाग त्याने मग केळीच्या बागेत वाजवला. दुपारी गाडी भरून झाली की माणसं झोपायची; मोठमोठ्या पानांखाली हिरवा अंधार असायचा, पाटाचं पाणी वाजायचं. तिथे भाकरी घेऊन आलेल्या सुगंधाबाईने एकदा तो ऐकला. अर्थ विचारला. नानांनी सांगितला. ती म्हणाली, "बाईचं गाणं हाय हे. तुमच्याजवळ कसं आलं?"

पंचवीस वर्षांपूर्वी रत्नाची बोळवण झाली. रत्ना तेव्हा डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होती. त्या काळात डी.एड.ला जागा मिळणं म्हणजे देव पावणं. महिन्याभरावर परीक्षा होती. प्रेमराजच्या वडिलांनी पंगतीतच सांगितलं, पुढच्या वर्षी बघू; बैठक क्रमांकांच्या यादीतलं आपलं नाव बघायचं रत्नाचं कायमचं राहिलं. रत्ना गाडीत बसली, खिडकीतून नानांकडे बघत राहिली आणि नाना धून वाजवत राहिले. उंच सुरापर्यंत गेले. रुपचंद मामा तेव्हा ऐंशीला टेकले होते, तरी उभे होते. त्यांनी सवयीने हात वर केला. नाना सवयीने सुरांच्या पायऱ्या उतरले. नारळ फुटला.

त्या रात्री सुगंधाबाईने जेवणाचं ताट पुढे केलं आणि एवढंच म्हणाली, "अजून थोडं वाजवलं असतं, तर पोरीले बोलायले वेळ भेटला असता."

पंचवीस वर्षं हे वाक्य नानांच्या घशात होतं. क्लॅरनेट फुंकताना सगळी हवा त्याच्या बाजूने काढावी लागत होती.

पंगती उठल्यावर रत्ना पाण्याच्या टाकीशी हात धूत होती. नाना तिथे गेले.

"ऐकलं ना तुम्ही?" तिने नळ बंद न करता विचारलं.

"ऐकलं."

"मले बी असंच सांगितलं होतं."

"ठाऊक हाय."

"मी तिच्या बापाशी बोलली. ते म्हणता, आज मांडवात नको, माणसं काय म्हणतील." रत्नाने पदराला हात पुसले. धुळ्यात पंचवीस वर्षं राहून तिची भाषा शहरी झाली होती, पण बापाशी बोलताना ती अजून भुसावळचीच व्हायची. "आता नाही तर मंग कधी, नाना? एकदा गाडी गेली की गेली. मले ठाऊक नाही का?"

नानांनी वाहता नळ बंद केला. 

"आज काय वाजवणार?" तिने विचारलं.

"तेच."

"आई म्हणायची, त्याच्या पुढं बी काही हाय."

नानांनी दचकून तिच्याकडे पाहिलं. म्हणजे सुगंधाबाईने पोरीला सांगून ठेवलं होतं. त्या बाईच्या तोंडात एरवी तीळ भिजत नव्हता, आणि ज्या गोष्टीबद्दल नवऱ्याला भीती वाटायची तीच नेमकी तिने जपून पुढे दिली होती.

"हाय," नाना म्हणाले. "लांब हाय थोडं."

"किती लांब?"

"माझा दम पुरंल तेवढं."

रत्ना हसली नाही. तिने मान डोलावली आणि आत गेली. थोड्या वेळाने नवरीच्या खोलीतून रूपानेच आजोबांना बोलावणं पाठवलं. शालू, मुंडावळ्या, कोपरापर्यंत हिरवा चुडा. त्यात तिचा चेहरा कुठेतरी मागे राहिल्यासारखा दिसत होता. तिने उशीखालून घडी केलेला कागद काढला.

"नाना, हे हॉलतिकीट. बॅगेत ठेवलं तर बॅग तिकडे दुसरंच कोणी उघडेल. तुमच्याकडे ठेवा. मी कधीतरी येऊन घेऊन जाईन."

"कधी येशील?"

रूपाने कागद त्यांच्या हाताशी नेला. नानांनी कागद घेतला आणि क्लॅरनेटच्या पेटीत, जिथे जादा रीड ठेवायच्या तिथे, मखमलीखाली सरकवला. पेटीला तो अगदी मापाचा होता.

मग त्यांनी हिलालला गाठलं. हिलाल त्यांच्याच वयाचा. ढोल गळ्यात अडकवला की ढोल दिसायचा, हिलाल दिसायचा नाही.

"आज थांबल्यावर थांबू नको," नाना म्हणाले.

"म्हंजे?"

"खाली उतरायच्या जागी मी उतरणार नाही. पुढं जाईन. तू पाऊल धर. माणूस घरातून उठून दारापर्यंत येतं, तसं. घाई नको."

"दारापर्यंत येऊन?"

"दारात उभं राहायचं."

हिलालने दाढी खाजवली. "पन्नास वर्षं झाली नाना, आता सांगू राह्यले? हे म्हंजे वरातीमागून घोडं झालं."

"घोडं तर घोडं. आण."

पाच वाजले. धुळ्याचं ऊन पाच वाजतासुद्धा अंगावर येतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी होती, झेंडूच्या माळा लावलेली. रूपा मागच्या सीटवर बसली, शेजारी नवरा मुलगा कुंदन. हा पोरगा सकाळपासून इतका कमी बोलला होता की तो कसा आहे हे कोणालाच कळलं नव्हतं. पुढच्या चाकाखाली नारळ ठेवला गेला. ड्रायव्हरने किल्लीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

नानांनी पेटी उघडीच रत्नाच्या हातात दिली, मखमलीखाली रूपाचा कागद आहे एवढं सांगितलं आणि क्लॅरनेट ओठांना लावलं.

पहिला भाग नेहमीसारखाच निघाला. मोहल्ल्यातल्या बाया दारादारांत आल्या. आई गाठोडं बांधते, आई केस विंचरते. पदर डोळ्यांना लागले. जीवराम आबासुद्धा उपरण्याने नाक पुसत होते, कारण त्यांनीही दोन मुली दिल्या होत्या आणि दोन्ही वेळा हीच धून वाजली होती. नानांनी डोळे मिटले. व्हरांडा आला. कडुनिंब आला. ओल्या टॉवेलचं पाणी टपटप फरशीवर पडत होतं. धून चढत चढत त्या उंच सुरावर गेली आणि रेंगाळली, आणि सगळ्यांनी सवयीने श्वास सोडला, की आता उतरेल.

उतरली नाही.

नानांनी तो सूर धरून ठेवला. हिलालच्या ढोलावर एक ठोका पडला. मग दुसरा. आणि गाणं उठून चालायला लागलं.

बायांचे पदर डोळ्यांवरच थांबले. हे कोणी ऐकलं नव्हतं, पण नवखंही वाटत नव्हतं. दारातली एक म्हातारी आपसूक चौकटीला हात लावून ताठ उभी राहिली.

"हाई काय नवीन काढं नानानी?" आबा म्हणाले. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. "बस करा आते नाना, लांब जानं शे." नाना ऐकत नव्हते. आबा ड्रायव्हरकडे वळले. "काढ रे गाडी."

"कशी काढू, आबा?" ड्रायव्हर म्हणाला. "क्लॅरनेट चालू शे ना अजून."

"म्हातारा येडा व्हई गया. काढ."

"नवरी शे गाडीमा, आबा. मी नही काढाव."

दुसरा भाग एकदा संपला. नानांनी तो पुन्हा घेतला. छातीत भाता फाटल्यासारखं होत होतं. वरचा पुढचा दात दोन वर्षं हलत होता. तो आता क्लॅरनेटच्या तोंडावर टेकून ठणकायला लागला. त्यांनी डोळे उघडले. व्हरांडा गेला. समोर रत्ना होती, हातात उघडी पेटी घेऊन, जागच्या जागी. बोल पोरी, नाना मनात म्हणत होते, बोल, एवढाच दम आहे माझ्याकडे, बोल.

रत्नाने पेटीतली मखमल उचलली. कागद काढला. पेटी खाली ठेवली आणि चालत गाडीपाशी गेली. ढोलाच्या ठोक्यावर तिचं पाऊल पडत होतं, हे तिला स्वतःला कळलं नसावं.

"आबा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "सुपारीच्या दिवशी पाच माणसांत ठरलं होतं. एकोणीस दिवसांनी रूपाचा पेपर आहे. हे तिचं हॉलतिकीट. तुमच्यासमोर तिच्या हातात देते. ती पेपर देईल एवढं तुम्ही म्हणा, धून संपेल."

 नानांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली.

"आम्ही कव्हय नही म्हनं?" आबा चारचौघांकडे बघत म्हणाले. "पुढला साल म्हनं."

"आमच्या घरी पुढचं साल येत नाही, आबा," रत्ना म्हणाली. "मी पंचवीस वर्षं वाट पाहिली."

प्रेमराज मागे उभा होता. त्याने मान खाली घातलेलीच होती. ती खालीच ठेवून तो म्हणाला, "ठरलं होतं, आबा." आणि मग, कोणी विचारलं नसताना, पुन्हा म्हणाला, "ठरलं होतं."

गाडीचं दार उघडलं. कुंदन फेट्यासकट बाहेर आला. गोंधळल्यासारखा बापाकडे पाहत, पण स्पष्ट म्हणाला, "पेपरले मी लई जासू तिले. मी सोता."

आबांनी उपरणं खांद्यावर नीट केलं. खूप माणसं बघत होती. "जाय मंग," ते म्हणाले. "माले काय इचारतस?"

रत्नाने खिडकीतून कागद आत दिला. हिरव्या चुड्याचा हात बाहेर आला, त्याने कागद घेतला आणि कागदासकट आईचं मनगट धरून ठेवलं.

नानांनी तिसऱ्यांदा तो भाग शेवटापर्यंत नेला. अध्येमध्ये सूर फुटत होता, हवाच जास्त येत होती. डेन्झिल साहेबांच्या रेकॉर्डवर शेवटी काय होतं ते त्यांना लख्ख आठवत होतं. गाणं खाली उतरत नव्हतं. दारात उभं राहायचं आणि तिथेच संपायचं. नाना तिथेच संपले.

किल्ली फिरली. नारळ फुटला. बाया रडल्या, पण नेहमीपेक्षा कमी.

क्लॅरनेट पुसताना नानांना फडक्यावर रक्त दिसलं आणि त्यात तो दात. नातीबरोबर त्याचीही बोळवण झाली होती. पुढच्या दाताशिवाय क्लॅरनेट धरता येत नाही. हिलाल म्हणाला, "कवळी बसवा ना, नाना." नाना म्हणाले, "कशाले? गाणं पूर्ण झालं."

एकोणिसाव्या दिवशी नाना पहाटेच्या बसने भुसावळहून निघाले. शब्द दिलेला असला तरी शब्द म्हणजे काही पेपर नव्हे. साडेनऊला ते धुळ्यात परीक्षेच्या कॉलेजसमोर रिक्षातून उतरले. फाटकाबाहेर पोरींची गर्दी होती, आणि गर्दीच्या कडेला रत्ना.

"तुम्ही कशाले आले एवढ्या लांब?" ती म्हणाली.

"तू कशाले आली?"

दोघं कडुनिंबाखाली उभे राहिले. पावणेदहा झाले. रस्त्यावरून येणारी प्रत्येक मोटारसायकल दोघं बघत होते आणि एकमेकांना दाखवत नव्हते. दहाला दहा कमी असताना कुंदनची गाडी आली. तो घामाघूम झाला होता. वाटेत पंक्चर झाल्याचं त्याने तीनदा सांगितलं. रूपा उतरली. फाटकावरची बाई म्हणाली, बांगड्या-बिंगड्या बाहेर ठेवा. रूपाने भराभर हिरवा चुडा उतरवला, आईच्या ओंजळीत ओतला, नानांच्या पायाला ओझरता हात लावला आणि पळाली. घंटा झाली. फाटक बंद झालं.

पोरींचे आईबाप पांगले. कुंदन चहाच्या टपरीकडे गेला. बैठक क्रमांकांची यादी फाटकाशेजारच्या फळ्यावर लावलेली होती. रत्ना तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. एका हाताने तिने पदरात बांगड्या धरल्या होत्या. दुसऱ्या हाताचं बोट यादीवर ठेवून ती एकेक नाव वाचत होती. पहिल्या पानावरच, वरून सातवं, रूपाचं नाव होतं. बोट तिथे पोचलं, क्षणभर थांबलं आणि पुढे सरकलं. दुसरं पान झालं. तिसरं पान झालं.

नाना मागे जाऊन उभे राहिले. "सापडलं ना रूपाचं?"

"सापडलं," रत्ना म्हणाली.

तिचं बोट चौथ्या पानावरून खाली उतरत राहिलं, शेवटच्या नावापर्यंत.